धरणात पाणी कमी, मग धोका जास्त कसा? मे महिन्यातल्या सहकुटुंब सहली आणि बुडण्याच्या घटना, समजून घ्या सोप्या शब्दांत

मे महिन्यातला शनिवार. मुलांना सुट्टी, घरात मामाची किंवा आत्याची मुलं आलेली, बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं. सकाळी अकरापर्यंत टीव्ही आणि मोबाइल बघून झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "चला, धरणावर जाऊन येऊ." डबे भरले जातात, चटई घेतली जाते, दोन दुचाकी किंवा एका रिक्षात सगळे मावतात. तासाभरात पाण्याच्या काठावर.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत उन्हाळी सहलीचं चित्र हे असं आहे. महाबळेश्वर किंवा माथेरान वर्षातून एखाद्या वेळी. पण दर आठवड्याच्या सुट्टीला परवडणारी सहल म्हणजे घरापासून वीस-तीस किलोमीटरवरचं धरण, नदीचा घाट, तलाव किंवा चौपाटी.

आणि याच महिन्यात बातम्यांमध्ये एक ओळ पुन्हा पुन्हा दिसते, 'फिरायला गेलेल्या एकाच कुटुंबातील इतक्या जणांचा बुडून मृत्यू.' पावसाळ्यात पूर असतो, धबधबे असतात, तेव्हा धोका समजतो. पण उन्हाळ्यात तर धरणं आटलेली असतात. मग तेव्हा माणसं का बुडतात? आणि एकाच घरातले चार-पाच जण एकाच वेळी कसे?

आधी काही घटना पाहू

१५ मे २०२३. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या पाण्यात, गोऱ्हे खुर्दच्या बाजूला नऊ मुली उतरल्या होत्या. त्या बुलढाणा जिल्ह्यातून नातेवाइकांकडे आल्या होत्या. पाण्याचा अंदाज आला नाही. काठावर असलेल्या लोकांनी सात जणींना वाचवलं, दोघींचा मृत्यू झाला.

२१ मे २०२४. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या भावली धरणावर नाशिक रोड भागातून फिरायला आलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला.

त्याच आठवड्यात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगाव इथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. त्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाच्या तीन जवानांचाही जीव गेला. म्हणजे प्रशिक्षित माणसांनाही हे पाणी सोपं नव्हतं.

या तिन्ही घटनांत पाऊस नव्हता, पूर नव्हता.

हा प्रश्न किती मोठा आहे?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार लोक बुडून मरतात. जगाचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या अहवालात दिला आहे. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले, आणि त्यातले जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालचे होते. ५ ते १४ वयोगटात तर बुडणं हे मृत्यूचं जगातलं तिसरं मोठं कारण आहे.

म्हणजे ज्या वयाच्या मुलांना सुट्टीत फिरवायचं असतं, नेमकं तेच वय.

पण लोक धरणावरच का जातात?

याचं सोपं उत्तर म्हणजे दुसरीकडे जायला फारसं काही नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी एका चौकोनी कुटुंबाकडे कोणते पर्याय आहेत ते बघा. मल्टिप्लेक्समध्ये चार तिकिटं आणि पॉपकॉर्न घेतलं की हजार रुपये सहज मोडतात. मोठ्या वॉटरपार्कचं तिकीट डोई हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त. मॉलमध्ये गारवा फुकट मिळतो, पण मुलं खेळणार कुठे? महापालिकेच्या बागा स्वस्त आहेत, पण पुण्यासारख्या शहरात अनेक बागा दुपारी बंद असतात. सकाळी आणि संध्याकाळीच उघडतात. जिथे सावली आणि हिरवळ आहे, तिथलं दार नेमकं ऊन तापतं तेव्हा बंद.

उरतं ते पाणी. ते जवळ आहे, गार आहे आणि फुकट आहे. काठावर कांदाभजी, मक्याचं कणीस, कैरीची फोड मिळते. पाहुण्यांना काहीतरी दाखवल्याचं समाधानही मिळतं. खडकवासल्याला 'चौपाटी' हे नाव उगाच पडलेलं नाही. समुद्र नसलेल्या शहराने धरणालाच चौपाटी केलं.

त्यामुळे 'लोक बेजबाबदार आहेत' असं म्हणून हा विषय संपत नाही. बहुतेक कुटुंबं मस्ती करायला नाही, तर उकाड्यातून दोन तास सुटका मिळवायला जातात.

पाणी कमी असताना धोका जास्त कसा?

इथे धरण कसं असतं ते समजून घ्यावं लागेल.

धरण म्हणजे मोठी टाकी नाही. बांध घालण्याआधी तिथे नदी होती, तिच्या दोन्ही बाजूंना शेतं, ओढे, कधी कधी गावं होती. ते सगळं पाण्याखाली गेलं. पावसाळ्यात धरण भरतं तेव्हा पाण्याची कड रस्त्याजवळ, झाडीजवळ असते. मे महिन्यात पाणी मागे सरकतं आणि कड थेट जुन्या नदीच्या दिशेने जाते.

यातून चार धोके तयार होतात.

पहिला, गाळ. वर्षानुवर्षं साठलेला गाळ वरून उन्हाने वाळतो. त्यावर पापुद्रा येतो, भेगा पडतात आणि तो टणक वाटतो. पाण्याजवळ मात्र तोच गाळ मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाय ओढून काढताना तोल जातो, आणि माणूस पुढे, म्हणजे पाण्याच्या दिशेने पडतो.

दुसरा, जुनं पात्र. दहा पावलं पाणी घोट्याइतकं, कमरेइतकं असतं. अकराव्या पावलाला जमीनच नसते, कारण तिथे नदीच्या मूळ पात्राची दरड सुरू होते. वरून पाणी सारखंच दिसतं, गढूळ असल्याने तळ दिसत नाही. बुडण्याच्या घटनांनंतर 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे शब्द वाचायला मिळतात, त्यांचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. नदीपात्रात वाळूउपसा झाला असेल, तर असे खड्डे कुठेही असू शकतात.

तिसरा, सोडलेलं पाणी. उन्हाळ्यात पाऊस नसला तरी पाण्याची पातळी बदलते. खडकवासल्याचंच उदाहरण घ्या. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून जी साखळी आहे तिची एकूण क्षमता सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासला जेमतेम २ टीएमसीचं. पुण्याला पाणी तिथून उचललं जातं, म्हणून वरच्या धरणांतून खडकवासल्यात पाणी सोडत राहावं लागतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही एका ठिकाणची पातळी आज एक आणि चार दिवसांनी दुसरी असू शकते. 'मागच्या रविवारी इथेच उतरलो होतो' या अनुभवाचा काही उपयोग नसतो.

चौथा, कालवे. शेतीसाठी आणि गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी उन्हाळी आवर्तन सुटतं तेव्हा नदी कोरडी आणि कालवा काठोकाठ वाहत असतो. मुलांना तो स्विमिंग पूलसारखा दिसतो. पण अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या भिंती उतरत्या असतात, त्यावर शेवाळ धरलेलं असतं. आत घसरलेल्या माणसाला पकडायला काहीच नसतं आणि प्रवाह पुढे ओढत राहतो.

शहरांच्या कडेच्या दगडखाणींचं गणितही असंच आहे. खाणीत साठलेलं पाणी निळं आणि स्वच्छ दिसतं, पण कड सरळ तुटलेली असते. उथळ भाग नसतोच.

एकाच घरातले इतके जण कसे बुडतात?

कारण वाचवायला घरचेच जातात.

बुडणारा माणूस सिनेमात हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला ओरडताही येत नाही. त्याचे हात आपोआप बाजूला पाण्यावर दाबले जातात, तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होतं, शरीर उभंच राहतं. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंदच चालते. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, मूल पाण्यात उभं राहून खेळतंय.

ज्याच्या लक्षात येतं तो धावतो. तो बहुतेक वेळा भाऊ, बहीण, आई, मामा असतो. त्यालाही पोहता येत नसतं, किंवा येत असलं तरी बुडणाऱ्याला कसं ओढायचं ते माहीत नसतं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. दोघेही खाली जातात. मग तिसरा उतरतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी कमी बोललं जातं. गावाकडे मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायचे. मुलींना ती संधी क्वचितच मिळाली. शहरात वाढलेल्या मुलांना तर विहीरही नाही आणि तरण तलावही नाही. त्यात सलवार-कमीज किंवा साडी पाण्यात भिजली की जड होते, पायात अडकते. पाय भिजवायला म्हणून उतरलेल्या मुली आणि बायका म्हणूनच जास्त असहाय ठरतात.

मदत वेळेवर का पोहोचत नाही?

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. धरणाच्या आतल्या टोकाला, म्हणजे बॅकवॉटरला, इतक्या वेळात कुणीही पोहोचू शकत नाही. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. अग्निशमन दल शहरात असतं आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर फिरायला आलेल्यांच्याच गाड्यांची रांग असते.

म्हणून वाचवणारे पहिले हात स्थानिकांचे असतात. मच्छीमार, गुराखी, काठावरचे टपरीवाले. मावळात शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी पथकांना वर्षानुवर्षं हे काम करावं लागतंय. पण पथक पोहोचेपर्यंत अनेकदा शोध माणसाचा नाही, तर मृतदेहाचा असतो.

मग सरकार बंदी का घालत नाही?

बंदी घातली जाते. पण ती कधी आणि कशी, हे बघायला हवं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. पाण्यात उतरू नये, मद्यपान करू नये, धोकादायक ठिकाणी सेल्फी घेऊ नये, असे आदेश निघतात. हे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढले जातात. आधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ करायचं. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

यात दोन अडचणी आहेत.

एक, असा आदेश साधारणपणे जास्तीत जास्त दोन महिने टिकतो. तो तात्पुरत्या परिस्थितीसाठी असतो. प्रशासनाचं लक्ष मुख्यतः पावसाळी पर्यटनावर असतं, कारण गर्दीही तेव्हा डोळ्यांत भरते. मे महिन्यातलं आटलेलं धरण कुणाला धोकादायक वाटत नाही.

दोन, जबाबदारी विखुरलेली आहे. पाणी आणि बांध जलसंपदा विभागाचा, डोंगर वन विभागाचा, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गाव ग्रामपंचायतीचं, गर्दी पोलिसांची. काठावरचे काही प्लॉट खासगी. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' हा गंजलेला फलक बांधाजवळ असतो, पण लोक उतरतात ते पाच किलोमीटर आतल्या बाजूला. तिथे कुणाचाच माणूस नसतो.

शिवाय एका ठिकाणी पोलीस उभे राहिले की गर्दी थांबत नाही, ती पुढच्या वळणावर जाते. ते ठिकाण आणखी अनोळखी, आणखी निर्जन असतं.

दुसरीकडे काही जमलंय का?

शेजारच्या गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. तिथेही किनाऱ्यावर पर्यटक बुडत होते. २००८ पासून गोवा सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक सेवा सुरू केली आणि ते काम 'दृष्टी मरीन' या खासगी संस्थेकडे दिलं. ठरलेल्या वेळेत प्रशिक्षित जीवरक्षक हजर असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा म्हणजे इथे जीवरक्षकांचं लक्ष आहे. पर्यटकाला कुठे उतरायचं नाही एवढंच नाही, तर कुठे उतरायचं हेही कळतं.

मुंबईतही गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या सहा चौपाट्यांवर महापालिकेतर्फे जीवरक्षक नेमले जातात. पण राज्यातली धरणं, तलाव आणि नदीघाट इथे सर्वसाधारणपणे अशी व्यवस्था नाही. जिथे शनिवार-रविवारी शेकडो कुटुंबं येतात अशा दहा-बारा जागा प्रत्येक जिल्ह्याला माहीत असतात. तिथे उथळ पट्टा आखून दोरी बांधणं, सुट्टीच्या दिवशी दोन स्थानिक मच्छीमारांना मानधन देऊन बसवणं, खांबाला दोर आणि तरंगणारी रिंग अडकवून ठेवणं याला मोठा प्रकल्प लागत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा, सामान्य लोकांना सुटका आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या, असं सांगते. प्रश्न आहे तो हे सगळं गावच्या घाटापर्यंत पोहोचण्याचा.

मग फिरायला जायचंच नाही का?

जायचं. मुलांची सुट्टी चार भिंतींत काढा असं कुणीच म्हणत नाही. पण काही गोष्टी आधी ठरवता येतात.

• वेळ बदला. उन्हाळ्यात सहल दुपारची नको, सकाळची हवी. सहाला निघून दहाला परत. ऊन टळलं की पाण्यात उतरण्याची ओढही कमी होते.

• जागा बदलता येते. मुंबईत राणीची बाग (बुधवारी बंद) किंवा बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी (सोमवारी बंद), पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय (बुधवारी बंद), एम्प्रेस गार्डन किंवा पु. ल. देशपांडे उद्यान, नाशिकमध्ये पांडवलेणी, छत्रपती संभाजीनगरला वेरूळ (मंगळवारी बंद). पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

• धरणावर गेलात तर काठ हीच हद्द. 'फक्त पाय भिजवू' याला घोट्याच्या वर परवानगी नको, आणि गाळ असेल तिथे तीही नको.

• एक मोठा माणूस फक्त मुलांकडे बघणार, हे निघतानाच ठरवा. त्याच्या हातात मोबाइल नको, पत्ते नकोत. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा अनेकदा कुणीच बघत नसतं.

• गाडीत पंधरा-वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन ठेवा. कॅन तरंगतो, त्याला धरून माणूस तग धरतो.

• कुणी बुडत असेल तर उडी मारू नका. दोर, ओढणी, साडी, फांदी, जे असेल ते फेका. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोन तरुणांना बाहेर ओढलं.

• ११२ ला फोन करा आणि जवळच्या टपरीवर, वस्तीवर लगेच ओरडून सांगा.

• बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, पोटावर दाबून पाणी काढू नका, डोक्यावर घेऊन फिरवू नका. यात मिनिटं वाया जातात. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. हे शिकायला एक दुपार पुरते. शाळा, सोसायटी, गणेश मंडळ कुणीही असं शिबिर ठेवू शकतं.

शेवटी मुद्दा काय?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, पाऊस येईल आणि बातम्या धबधब्यांकडे वळतील. पुढच्या मे महिन्यात धरणं पुन्हा आटतील आणि घराघरांत तोच प्रश्न येईल, आज मुलांना कुठे न्यायचं?

यात प्रशासनाच्या वाट्याचं काम आहे. दुपारी उघडी असणारी सावलीची बाग, परवडणारा तरण तलाव, धरणाच्या काठावर आखलेली सुरक्षित जागा आणि तिथे बसलेला एक माणूस. कुटुंबाच्या वाट्याचं काम त्यामानाने छोटं आहे. चटई, डबे आणि पाण्याच्या बाटल्या भरताना दोर आणि रिकामा कॅनही गाडीत टाकायचा, आणि आज मुलांवर कोण लक्ष ठेवणार हे घरातून निघण्याआधीच ठरवायचं.